आधी कुणाचे फेडायचे

चि. सौ. बेबीस,



वसुलीचा फोन वाजला की तू मोरीत जाऊन बसतेस आणि पोराला ‘आई कामाला गेलीय’ म्हणून सांगायला लावतेस, असं तुझ्या आईकडून कळलं. मग तू पाठवलेल्या हिशेबाच्या कागदाचा फोटो मोठा करून नीट वाचला. देण्यांची यादी तू ओरडण्याच्या क्रमाने केली आहेस. पहिले मोबाइलच्या हप्त्यावाले, कारण ते दिवसभर फोन करतात. मग सावकार, कारण तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. मग गटाचं कर्ज. सगळ्यात खाली वाणी, जो चकार शब्द काढत नाही आणि ज्याच्या उधारीवर तुझी चूल पेटते. हा क्रम मोडायचा आहे. कोण किती ओरडतो ते बघू नकोस, कुणाचं व्याज किती धावतंय ते बघ.

त्याआधी घरात किती उरतं ते ठरव. जावईबापूंचे १३,५०० पक्के. तू उल्हासनगरच्या कॅम्प पाचात पीसवर जीन्स शिवतेस, तिथे गणपतीआधी जेवायला फुरसत नसते आणि पितृपक्षात मशीन थंड. तू चांगल्या महिन्याचे ८,००० धरलेस. मी मंदीच्या महिन्याचे ५,५०० धरतो. झाले १९,०००. खोलीभाडं ५,०००, किराणा-भाजी-दूध ६,०००, गॅस आणि लाइट १,६००, रेल्वेचा पास आणि रिक्षा १,१००, शाळा ९००, औषधं ५००, मोबाइल रिचार्ज ५००. एकूण १५,६००. उरले ३,४००. त्यातले ४०० आजारपणाला बाजूला, कितीही कुणी बोंबललं तरी. म्हणजे देण्यांना ३,०००, आणि तू कबूल करून बसलीस गटाचे १,४५०, सावकाराचे १,५००, फोनचे १,३००. वाणी वेगळाच. चार हजारांच्या वर कबुली दिलीस म्हणून दर महिन्याला कुणीतरी फसतं आणि तू खोटी पडतेस.

विठ्ठलवाडी डेपोत मी कंडक्टर होतो तेव्हा रात्री वेबिल जुळवून कॅश भरल्याशिवाय घरी जाता येत नसे. पिशवी नोटांनी फुगलेली असली तरी त्यातला रुपया आपला नाही, कमी भरला तर खिशातून जाणार. पगाराच्या दिवशी भाड्याच्या आणि वाण्याच्या पैशांकडे तसंच बघ. (जावईबापूंचा तंबाखू मी यादीत घातलेला नाही. तो कुठून येतो ते त्यांनाच विचार.)

आता सावकार. १५,००० घेतलेस, दहा टक्के महिना. आपल्याकडे ‘दहा टक्के’ म्हटलं की थोडंच वाटतं, पण वर्षाचे ते १२० टक्के झाले. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा तुझ्यासारख्या शेती नसलेल्या माणसाकडून, काही गहाण नसेल तर, वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. शिवाय व्याज मुदलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियमही त्यात आहे. विनापरवाना धंदा केला तर गुन्हा. तू नऊ महिने १,५०० प्रमाणे १३,५०० व्याज म्हणून दिलेस. १८ टक्क्यांनी नऊ महिन्यांचं व्याज होतं २,०२५. मुद्दल आणि व्याज मिळून १७,०२५, त्यातून १३,५०० वजा कर. राहतात ३,५२५. हाच आकडा तोंडपाठ करून जायचा.

तो पंधरा हजार मागेल, आवाज चढवेल. तू महिन्याला ७०० बोल, सगळे मुदलात, व्याज आजपासून बंद. पाच महिन्यांत ३,५०० होतात. घासाघीस झालीच तर एकूण ७,००० च्या वर जाऊ नकोस. पैसे मोबाइलवरून पाठव, म्हणजे नोंद राहील, आणि पावती माग. कोरा चेक, सही केलेला कोरा स्टँपपेपर देऊ नकोस, आधी दिला असशील तर तो परत मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. धमकी दिली तर सहकार खात्याच्या तालुका निबंधकाकडे लेखी तक्रार करायची. कल्याणच्या कोर्टात विधी सेवा समितीचा वकील बाईमाणसाला फुकट मिळतो, तिथे उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

गटाचे १,४५० मात्र न चुकता. त्यात शेजारच्या चौघींची जबाबदारी अडकलेली आहे, आणि व्याज सावकाराच्या मानाने फारच कमी. तुला कर्जाचं कार्ड दिलेलं असणार, त्यावर दर, राहिलेली बाकी सगळं असतं, वाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा छोट्या कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास देता येत नाही. कुणी आलंच तर नाव आणि वेळ लिहून ठेव. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे तक्रार, महिन्याभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा नंबर १४४४८.

फोनवाल्यांचे दोनच हप्ते राहिलेत. ते ६५० चे चार करून माग. तारीखही बदलून घे. पगार दहा तारखेला आणि हप्ता पाचला, ह्याला काय अर्थ? पाचला खात्यात पैसे नसले की बँक वेगळा दंड लावते, कंपनी वेगळा. बारा तारीख माग. बोलताना रडू नकोस, गयावया नको. ‘साहेब, बारा तारखेला ६५० भरीन, त्याहून जास्त कबूल करत नाही कारण पाळता येणार नाही,’ एवढंच. फोनवर ठरलेलं मेसेजने लिहून पाठवायला सांग. ‘थोडे भरा, खातं सेटल करतो’ म्हणाले तर सावध राहा. सेटल म्हणजे पूर्ण फिटलं असं नाही, ती नोंद सिबिलवर दिसते आणि पुढचं कर्ज अडतं. उरलेले २०० वाण्याला, आणि नवी उधारी बंद.

एसटीचा मोठा संप आठव, २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंतचा. आगारात गाड्या धूळ खात उभ्या आणि घरात पगार नाही. पाच महिन्यांहून जास्त. ज्यांनी पतपेढीत हप्त्याच्या तारखेआधी जाऊन ‘संप मिटेपर्यंत एवढेच भरीन’ सांगितलं, त्यांचं कसंबसं निभावलं. जे फोन बंद करून बसले त्यांच्या जामीनदाराच्या दारात माणसं गेली, आणि जामीनदार म्हणजे शेजारच्या गाडीवरचाच ड्रायव्हर. पगारवाढ जाहीर झाली खरी, पण तुटलेली दोस्ती काही जुळली नाही.

मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स दिसली तर हात लावू नकोस. आणि भिशी सध्या लावू नकोस, घरातलं देणं आधी.

मी शनिवारी येतोय. गटाचं कार्ड, फोनवाल्यांचे मेसेज, बँकेचं पासबुक आणि सावकाराला दिलेल्या पैशांच्या नोंदी एका पिशवीत काढून ठेव. सावकाराकडे आपण दुपारी जाऊ, तो तेव्हा जेवून बसलेला असतो. शेजारणीलाही साक्षीला बरोबर घे.

तुझा मामा