मोहर्लीची सडक

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस पद्मापूर, आगरझरी, देवाडा ही गावे मागे टाकीत एक डांबरी सडक मोहर्लीला जाते. पद्मापूरच्या कोळशाच्या खाणी ओलांडल्या की हळूहळू रान सुरू होते. साग, ऐन, धावडा, तेंदू आणि त्यांच्यामधून दाटलेली बांबूची बेटे! पुढे इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. सायकलस्वाराला अशी सडक मोठी सुखाची वाटते.

या मुलखात सायकल हे केवळ हौसेचे वाहन नव्हे. शाळा, बाजार, शेत, सारे तिच्यावरच चालते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की पहाटेच माणसे टोपल्या घेऊन रानाकडे निघतात. वाकून फुले वेचणारा मनुष्य वाघाला दुरून एखाद्या चतुष्पाद जनावरासारखा दिसण्याचा संभव असतो. म्हणून जाणते लोक एकटे जात नाहीत, आपसांत मोठ्याने बोलत राहतात.

मोहर्लीपाशी वनखात्याचे फाटक आहे. सडक त्याच्यापुढे ताडोबाच्या तलावाकडे जाते. सायकल मात्र तेथेच थांबते. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. पुढे अंधारी अभयारण्य जोडून येथे व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. आत जायचे ते नोंदलेल्या मोटारीतून आणि स्थानिक वाटाड्याला बरोबर घेऊनच.

धूर नाही, आवाज नाही, अशा निरुपद्रवी वाहनाला ही बंदी का? सायकलीचा हा शांतपणाच येथे घातक ठरतो. मोटारीची घरघर जनावरांना दुरून ऐकू येते व त्यांना तिची सवयही झालेली असते. सायकल मात्र वळणावर एकाएकी समोर उभी राहते. मुळे उकरण्यात किंवा वाळवी खाण्यात गढलेले अस्वल अशा वेळी दचकते आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते. वाघासमोरून घाईने पळणे तर त्याला पाठलागाचे आमंत्रणच! रान ओळखणारेही येथे सुरक्षित नसतात. नोव्हेंबर 2021 मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा याच जंगलात वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्याबरोबर सोबती होते, तरीही ती वाचली नाही.

सर्वच राष्ट्रीय उद्यानांत असा नियम नाही. मुंबईत बोरिवलीच्या उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या सडकेवर लोक सायकली चालवतात. तेथे बिबटे आहेत. मोकळे फिरणारे वाघ नाहीत.

फाटकाच्या आत सडकेच्या कडेने जुने दगडी खांब उभे आहेत. ते गोंड राजांच्या काळचे असून त्यांतून दोर ओवून घंटा वाजवीत व राजाच्या स्वारीची वर्दी पुढे पोचवीत, असे सांगतात. चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. दोर आणि घंटा नाहीशा झाल्या, खांब राहिले.

पुढे तलाव येतो. त्यात मगरी आहेत. काठावर एका प्रचंड वृक्षाखाली तारूचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मरण पावला, अशी कथा आहे. गोंड लोकांनी त्याला देव मानले आणि त्याच्याच नावावरून या रानाला ताडोबा म्हणू लागले.