पगारपत्रकातील एक ओळ

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिले स्थानक लागते ते शहाड. येथे रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांतील पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. सध्या बहुतेकांचे दरमहा २०० रुपये त्यात जातात.

मुलांनो, ही रक्कम मुळात कोणासाठी, ते ऐका. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग आरंभिला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली पगारदार व व्यावसायिकांवर हा कर बसला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनेही घालावयाची होती. १९७७ च्या कायद्याने खेड्यातील प्रौढास कामाचा हक्क मिळाला.

न पाहिलेल्या माणसासाठी आपला पगार कापला जावा, हे कोणास कसे रुचावे? वेर्नर ग्यूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली जर्मनीतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने पैशांची वाटणी सुचवावयाची; दुसऱ्याने आपला वाटा घ्यावयाचा किंवा नाकारावयाचा. नाकारला तर दोघेही रिकाम्या हाताने परत! निव्वळ स्वार्थ पाहिला, तर एक पैसाही घ्यावा. परंतु वाटा अगदीच तुटपुंजा असला, की पुष्कळजण तो झिडकारीत. पुढील संशोधकांना असेही आढळले, की कष्टाने मिळविलेला मोठा वाटा लोक सहसा मान्य करतात. खुपते ती पक्षपाती वाटणी.

शहरांकडे येणारा लोंढा थांबावा, हा स्वार्थही करदात्यांच्या मनात असेल. तथापि हमीच्या कामावर बांध घालणाऱ्या, खडी फोडणाऱ्या मजुराला कामाच्या मापाने मजुरी मिळे. घामाचा हा हिशेब गिरणी-कारखान्यांतील माणसाला परका नव्हता.