म्हातारा कोळी : व्यक्तिरेखा आणि आशयसूत्र

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• कादंबरीतील व्यक्तिरेखेचे विश्लेषण करू शकाल;
• कथानक आणि आशयसूत्र यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• अनुवादित कृतीच्या शीर्षकातून सूचित होणाऱ्या अर्थाचा विचार करू शकाल.

प्रास्ताविक

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यालगत नोचिकुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. या किनाऱ्यावरील कोळी पूर्वी लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून केलेल्या तराफ्यावरून समुद्रात जात. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. म्हणून त्या तराफ्यास ‘कट्टुमरम’ म्हणतात. इंग्रजीतील ‘कॅटामरान’ हा शब्द त्यावरूनच आला आहे.

माशांच्या प्रजननासाठी पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या नौकांवर राबणाऱ्यांना हे दिवस कठीण जातात. परंतु ते केव्हा संपणार, हे त्यांना ठाऊक असते. याउलट, एखादा कोळी रोज समुद्रात जातो, रोज गळ टाकतो आणि तरीही त्याला ८४ दिवस एकही मासा मिळत नाही, अशी कल्पना करा. पंच्याऐंशीव्या दिवशी तो काय करील? या प्रश्नातूनच एका श्रेष्ठ कादंबरीचा आरंभ होतो.

लेखक आणि कृती

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे (१८९९–१९६१) यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही लघुकादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. तिला १९५३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये हेमिंग्वे साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पु. ल. देशपांडे यांनी या कादंबरीचा ‘एका कोळियाने’ या नावाने मराठी अनुवाद केला. तो १९६५ साली प्रकाशित झाला.

कथानक थोडक्यात असे : क्यूबातील सँटियागो हा म्हातारा कोळी एकटाच होडी घेऊन खोल समुद्रात जातो. त्याच्या गळाला होडीपेक्षाही लांब, अठरा फुटांचा मासा लागतो. मासा होडी ओढत नेतो. तिसऱ्या दिवशी म्हातारा त्याला मारून होडीला बांधतो. परंतु परतीच्या वाटेवर शार्क मासे त्याचे लचके तोडतात. किनाऱ्याला लागतो तो केवळ सांगाडा.

व्यक्तिरेखेचे विश्लेषण

व्यक्तिरेखा समजून घेताना लेखकाने तिच्याविषयी काय सांगितले आहे, एवढेच पाहून भागत नाही. ती व्यक्ती काय करते, इतरांशी कशी वागते आणि एकटी असताना काय बोलते, हेही पाहावे लागते.

१. इतरांशी वागणे : मॅनोलिन हा मुलगा पूर्वी सँटियागोबरोबर मासेमारी करीत असे. चाळीस दिवस मासा मिळाला नाही, तेव्हा आईवडिलांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडले. तरीही तो म्हाताऱ्याची काळजी घेतो. घरात भात असल्याचे म्हातारा सांगतो. जाळ्याविषयीही दोघे बोलतात. वास्तविक भात नसतो आणि जाळे केव्हाच विकलेले असते. हे दोघांनाही ठाऊक असते, तरी रोज हे संभाषण घडते. म्हाताऱ्याचा स्वाभिमान आणि मुलाची समंजस माया ही दोन्ही या एका प्रसंगातून प्रकट होतात. लेखक ‘तो स्वाभिमानी होता’ एवढे सांगून थांबत नाही. तो प्रसंग दाखवतो.

२. निसर्गाशी नाते : स्पॅनिशमध्ये समुद्र हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा दोन्ही प्रकारे योजता येतो. यांत्रिक होड्या वापरणारे काही तरुण कोळी समुद्राला पुरुष मानतात. त्यांच्या दृष्टीने तो प्रतिस्पर्धी आहे. सँटियागो मात्र त्याला स्त्री मानतो. ती कधी देते, कधी राखून ठेवते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही समुद्राला माता म्हणण्याची रीत आहे. मराठीत मात्र समुद्र, सागर, दर्या हे तिन्ही शब्द पुल्लिंगी. असा भेद मराठीत कसा आणावा, हा अनुवादकापुढील खरा प्रश्न आहे.

३. विरोधी भाव : ज्या माशाला मारायचे आहे, त्यालाच सँटियागो भाऊ मानतो. त्याला त्याची दया येते, तरी मारण्याचा निश्चय ढळत नाही. असे परस्परविरोधी भाव एकाच मनात नांदत असल्यामुळे ही व्यक्तिरेखा जिवंत वाटते.

शीर्षक आणि आशयसूत्र

मराठीत ‘कोळी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : मासेमार आणि जाळे विणणारा जीव. ‘एका कोळियाने’ हे शब्द वाचताच मराठी वाचकाला लहानपणी पाठ केलेली कविता आठवते. त्या कवितेतील कोळी पुनःपुन्हा पडतो, पुनःपुन्हा चढतो आणि अखेर आपल्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. प्रयत्नांती यश, हे तिचे तात्पर्य.

मग कादंबरीचे आशयसूत्रही तेच मानावे काय? येथे घाई करू नये. कवितेतील कोळ्याला जाळे मिळते. कादंबरीतील कोळ्याच्या हाती सांगाडा उरतो. भाला गेला, सुरी मोडली, तरी तो हाती येईल त्या साधनाने शार्कांशी झुंजतो. यश मिळेल म्हणून तो लढत नाही. हरणार हे कळल्यावरही लढतो. आपण फार दूर गेलो, अशी आपली चूकही तो मान्य करतो. म्हणजे शीर्षक आपल्याला कवितेची आठवण देते आणि कादंबरी तिच्यापुढे जाते. माणसाची किंमत त्याच्या हाती काय आले यावरूनच ठरवावी काय, हा येथील प्रश्न आहे.

शेवटी मॅनोलिन म्हाताऱ्याचे जखमी हात पाहून रडतो आणि पुन्हा त्याच्याबरोबर जाण्याचे ठरवतो. बाजारात या सांगाड्याला मोल नाही. मुलाच्या दृष्टीने आहे. शिक्षणात खंड पडल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला हा शेवट अधिक जवळचा वाटेल.

लक्षात ठेवा

कथेत काय घडते, ते कथानक. घडलेल्या गोष्टींतून जीवनाविषयी जो विचार जाणवतो, ते आशयसूत्र. आशयसूत्र सांगताना कृतीतील प्रसंगांचा आधार द्यावा.

स्वाध्याय

१. भात आणि जाळे यांविषयीच्या संभाषणातून सँटियागो व मॅनोलिन यांचे कोणते गुण दिसतात?
२. ‘एका कोळियाने’ या शीर्षकाची समर्पकता आणि मर्यादा स्पष्ट करा.
३. सँटियागो जिंकला की हरला? तुमचे मत दोन प्रसंगांच्या आधारे लिहा.
४. फळ हाती न येताही ज्यांच्या कष्टांविषयी तुम्हांला आदर वाटतो, अशा तुमच्या परिचयातील व्यक्तीचे चित्रण दहा ओळींत करा.