शिंपल्याची जनुके आणि मोत्याचे मोल

मोत्याचे मोल बाजारात ठरत असले, तरी त्याचा दर्जा बऱ्याच अंशी शिंपल्याच्या आनुवंशिकतेत दडलेला असतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तुतिकोरीन येथे ‘पिंक्टाडा फुकाटा’ या जातीच्या शिंपल्यापासून संवर्धित मोती मिळवला. या यशामागील विज्ञान विद्यार्थ्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शिंपल्याचे कवच मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. बाहेरच्या थरात ते कॅल्साइटच्या, तर आतील चकचकीत थरात ॲरागोनाइटच्या स्फटिकरूपात आढळते. द्रव्य एकच, रचना मात्र भिन्न! ही रचना कवचालगतच्या ‘प्रावार’ या मांसल पडद्याच्या पेशी घडवतात. जनुकांतील सूचनांनुसार या पेशी विशिष्ट प्रथिने स्रवतात. कवचात प्रथिनांचे प्रमाण अल्प असले, तरी स्फटिकांची जडणघडण तीच नियंत्रित करतात. ‘नॅक्रिन’ या प्रथिनाची ओळख १९९६ मध्ये पटली. २००९ मध्ये ‘पिफ’ प्रथिनाचा शोध जाहीर झाला. त्याच्या जनुकाचे कार्य रोखले असता चकचकीत थराची घडण विस्कळीत होते, असे प्रयोगात दिसून आले. २०१२ मध्ये या जातीच्या जनुकसंचाचा मसुदा जपानमध्ये प्रसिद्ध झाला.

मोतीसंवर्धनात एका शिंपल्याच्या प्रावाराचा लहान तुकडा आणि एक गोल मणी दुसऱ्या शिंपल्यात बसवतात. तुकड्यातील पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार होते व तीच मोत्याचे थर चढवते. या पेशींत दात्या शिंपल्याची जनुके असल्याने मोत्याच्या रंगावर व झळाळीवर दात्याचा मोठा प्रभाव पडतो. वाढ मात्र आश्रयदात्या शिंपल्याच्या आरोग्यावर आणि पाण्याच्या गुणवत्तेवरही अवलंबून असते. मजुरी, तराफे व देखभाल यांचा खर्च चांगल्या आणि सुमार मोत्यासाठी सारखाच येतो. म्हणूनच दात्याची निवड हा गुंतवणुकीचाच निर्णय होय.

कार्बन डायऑक्साइड शोषल्याने औद्योगिक क्रांतीनंतर सागरपृष्ठाचा सामू सुमारे ०.१ ने घटला आहे. परिणामी कवचासाठी लागणारे कार्बोनेट आयन कमी होतात आणि कोवळ्या अळ्यांना कवच बांधण्यास अधिक ऊर्जा खर्चावी लागते. अशा पाण्यात तग धरणारे वाण निवडण्यास जनुकीय माहिती साहाय्यभूत ठरू शकते. मात्र मोजक्याच दात्यांवर विसंबल्यास जनुकीय विविधता घटते. त्यामुळे नैसर्गिक शिंपल्यांचे संरक्षण हा खर्च नसून भावी उत्पन्नाचा विमा आहे.