महाबळेश्वरची सहल

डिसेंबर महिना होता. पहाटेचे चार वाजले होते. सांगलीत कडाक्याची थंडी पडली होती. शाळेसमोर एस.टी.ची लाल बस उभी होती. आम्ही नववीची पन्नास मुले सहलीला निघालो होतो. सरांनी मुले मोजली आणि म्हणाले, "आज आपण आपल्या कृष्णा नदीच्या उगमाकडे चाललो आहोत. ती वाटेत कोठे कोठे भेटते, ते पाहा."

कराडजवळ सरांनी सांगितले, "येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात." वाईला कृष्णा पुन्हा भेटली. मग पसरणीचा घाट लागला. समोरून उतरणारी मोटार आमच्यासाठी थांबली. चालककाका म्हणाले, "अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते."

पाचगणी मागे टाकून साडेनऊला आम्ही महाबळेश्वरला पोहोचलो. न्याहारी करून क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानतात. गोमुखातून पाण्याची धार पडत होती.

"एवढीशी धार! हीच आपल्या आयर्विन पुलाखालून वाहते?" माझ्या मित्राने विचारले.

"हो," सर म्हणाले. "सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन ती बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला, अरबी समुद्राकडे जाते."

दुपारी आम्ही आर्थर सीटला गेलो. खाली सावित्रीचे खोल खोरे दिसत होते. सरांनी बजावले, "बरोबर तीन वाजता बसमध्ये या. नंतर वेण्णा तलावावर होडीत बसायचे आहे."

माझा मित्र खूश झाला. होडीसाठी त्याने महिनाभर पैसे साठवले होते.

तेथे दरीतून जोराचा वारा वर येत होता. मी वाळलेले पान खाली टाकले, ते वाऱ्याबरोबर वर आले! मी पुन्हा पुन्हा पाने टाकत राहिलो. भान आले तेव्हा जवळ कोणी नव्हते. घाईत मी भलतीच पायवाट धरली. बराच वेळ चाललो, पण बस दिसेना. छातीत धडधडू लागले.

वाटेवर एक आजी मक्याची कणसे भाजत होत्या. घरी आम्ही उर्दू बोलतो. मराठी बोलायला मी नेहमी लाजत असे. पण आता लाजून कसे चालेल? मी म्हणालो, "आजी, मी वाट चुकलो. बस कोठे थांबतात?"

"घाबरू नको, पोरा. असाच मागं जा अन् उजव्या हाताला वळ," आजी म्हणाल्या.

मी धावत सुटलो. बसजवळ पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. दोन्ही सर मला शोधून दमले होते. सगळी मुले गप्प बसली होती.

चालककाका म्हणाले, "घाट उजेडातच उतरायला हवा. आता होडीला वेळ नाही."

कोणी मला रागावले नाही. माझ्या मित्राने हातातले पैसे मुकाट्याने खिशात ठेवले. ते पाहून माझी मान खाली गेली. माझा एक तास उशीर झाला. पण तो तास पन्नास जणांचा होता.

वाटेत वेण्णा तलाव दिसला. होड्या चालल्या होत्या. मी मित्राला म्हणालो, "मला माफ कर." तो काहीच बोलला नाही. पुढे चहासाठी बस थांबली, तेव्हा सर्वांच्या आधी मी बसमध्ये येऊन बसलो.

रात्री सांगली आली. पुलाखाली कृष्णा संथ वाहत होती. मित्राने मला हळूच कोपराने ढोसले. तो म्हणाला, "पाणी तेच आहे. रविवारी येथेच होडीत बसू. पण वेळेवर ये हं!"

शब्दार्थ
उगम – नदी सुरू होण्याची जागा
भान येणे – लक्षात येणे
मुकाट्याने – काही न बोलता

स्वाध्याय
१. लेखक वाट कशी चुकला?
२. 'तो तास पन्नास जणांचा होता' असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या गावाजवळच्या नदीविषयी पाच वाक्ये लिहा.