घोड्याचे खूर, माणसाचा पाय

पायाची जखम चिघळून आलेल्या रुग्णाची साखर तपासली आणि ती तीनशेच्या घरात निघाली, की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, साखर वाढली म्हणून जखम चिघळली, की जखम चिघळली म्हणून साखर वाढली?" प्रश्न बिनतोड आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे त्याचे उत्तर. ते समजून घ्यायला माणसापेक्षा घोड्याचे उदाहरण सोपे पडते, म्हणून आज थोडे घोड्याविषयी.

आपल्या चकलांब्याच्या बाजूला घोडे आता लग्नसराईत नवरदेवाला मिरवण्यापुरते किंवा मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबरच दिसतात. मी माणसांचा डॉक्टर. जनावरांवर उपचार करणे हे माझे काम नव्हे. पण औषधशास्त्रावर घोड्याचे उपकार मोठे आहेत. धनुर्वात आणि घटसर्प यांचे जंतू आपले विष शरीरात बाहेर सोडतात. या विषाचा उतारा जनावराच्या रक्तात तयार होतो, हे बेरिंग आणि किटासाटो यांनी 1890 साली दाखवले. पुढे तो उतारा घोड्याच्या रक्तापासून मिळू लागला. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेने आणि तिच्यातून 1975 साली वेगळ्या झालेल्या हाफकिन महामंडळाने हे काम केले. महामंडळाचे घोडे पिंपरीला पाळले जात. सापाच्या विषावरची लसही अशीच घोड्यांच्या रक्तापासून बनते.

दुसरे विष

जंतूंचे आणखी एक विष असते. ते बाहेर सोडले जात नाही. काही जंतूंच्या अंगावरच्या वेष्टनातच ते असते आणि जंतू मेला, फुटला की मोकळे होते. याला एंडोटॉक्सिन म्हणतात. विषमज्वराचे, लघवीच्या आजाराचे आणि आतड्यातले कित्येक जंतू या जातीचे आहेत. या विषापुढे घोडा फार हळवा असतो. अगदी अल्प मात्रेनेही त्याला ताप चढतो, नाडी धावू लागते, तो खाणे सोडतो.

हे विष येते कोठून? बहुतेक वेळा त्याच्याच पोटातून. घोड्याचे जठर लहान आणि मोठे आतडे अवाढव्य असते, कारण त्याची रचना गवत पचवण्यासाठी आहे. दावे सुटून घोडी धान्याच्या पोत्याला लागली, तर न पचलेले धान्य मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. तिथले जंतू मोठ्या संख्येने मरतात आणि त्यांचे विष रक्तात शिरते. अशा आजारपणात दोन-तीन दिवसांत घोडीचे खूर आतून सुजू शकतात. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारा नाजूक थर सुटू लागतो. या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. चांगली घोडी यात कायमची निकामी होते.

इन्सुलिनचा संबंध

आता मुख्य मुद्दा. इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन. रक्तातील साखर पेशींत पोहोचवणे हे त्याचे काम. काही घोडे, विशेषतः मानेवर चरबीचा उंचवटा आलेले लठ्ठ घोडे, इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतत राहते. साखर बरोबर दिसते, पण इन्सुलिन मात्र भरमसाट असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2007 साली निरोगी तट्टांना साखर कायम राखून भरपूर इन्सुलिन दिले, तर तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे जंतूंचे विष नसतानाही केवळ इन्सुलिनच्या अतिरेकाने खूर बिघडू शकतात.

मग हे दोन शत्रू एकत्र आले तर? अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्यांना एंडोटॉक्सिन अल्प प्रमाणात शिरेतून दिले, तेव्हा त्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले. 2013 सालच्या अभ्यासात उलट बाजू तपासली. निरोगी घोडे आणि इन्सुलिनचा बिघाड असलेले घोडे यांना तेच विष दिले. दोघांनाही त्रास झाला, पण बिघाड असलेल्या घोड्यांच्या शरीरातील दाह अधिक काळ टिकला. विष इन्सुलिनचे काम बिघडवते आणि इन्सुलिनचे काम बिघडलेले असेल तर विषाचा दाह लवकर विझत नाही.

माणसातही हे चक्र असेच फिरते. जंतूंचा हल्ला झाला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन ही संप्रेरके सोडते. ती इन्सुलिनच्या विरुद्ध ओढतात आणि साखर चढते. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम आणखी चिघळते. त्यात जुन्या मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असली, तर काटा रुतल्याचेही कळत नाही.

आपली अंगकाठी

"मी तर सडपातळ, मला कुठला मधुमेह?" असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने जास्त, असे त्यांना आढळले. पुढे 2002 साली तर नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त असल्याचे त्यांनी दाखवले. भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. अनेकांना तो जखम चिघळल्यावरच कळतो.

काय करावे?

1) तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर निघण्यापूर्वीच तपासावी.

2) मधुमेही व्यक्तीने रोज रात्री दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्यांनी पाहावे. शेतात अनवाणी जाऊ नये. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नयेत किंवा शेकू नयेत.

3) जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. चुना, तंबाखू, राख भरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

4) तापात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. आजारपणात साखर बहुधा वाढते. इन्सुलिन किंवा गोळ्या कमी-जास्त करायच्या, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

5) हुडहुडी, धाप, बरळणे, लघवी कमी होणे, पाय काळा पडणे किंवा त्याला वास येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे.

घोडी पाळणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. खुराक एकदम वाढवू नये. लठ्ठ घोडीला कौतुकाने गूळ व धान्य चारू नये. घोडी पोत्याला लागली असेल तर लंगडण्याची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे. खूर गरम लागणे, पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभे राहणे, वळताना अडखळणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा घोडीला चालवू नये, वरातीला तर मुळीच नेऊ नये.

सांगायचे तात्पर्य, जखम आणि साखर हे दोन आजार नव्हेत, एकाच चक्राच्या दोन बाजू आहेत. जखमेवर पट्टी बांधून साखरेकडे दुर्लक्ष केले, किंवा साखरेची गोळी घेऊन जखम तशीच ठेवली, तर चक्र फिरतच राहते. दोन्हीकडून एकदम हात घातला तर बहुतेक पाय वाचतात.