निरोध हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे

शरीरविक्रय म्हणजे गुन्हाच, असं आपल्या वस्त्यांत बहुतेकांना वाटतं. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोलिसांच्या तोंडचा ‘पिटा’, तसं म्हणत नाही. प्रौढ बाईने मर्जीने, एकटीने, खासगीत हे काम केलं तर तो गुन्हा नाही. पण भोवतीचं जवळजवळ सगळं गुन्ह्यात येतं. सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावलं, तर कलम ८ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. दोघींनी मिळून एका खोलीत धंदा केला, की ती खोली कुंटणखाना. अठरा पूर्ण झालेला मुलगा आईच्या कमाईवर शिकत असेल, तर कलम ४ त्यालाही आरोपी करू शकतं.

याचा आरोग्याशी संबंध काय? मनमाडसारख्या जंक्शनच्या गावात बाई सोबतीण न घेता, अंधारात, घाईत काम उरकते. गिऱ्हाईक प्यायलेलं आहे का, निरोध वापरेल का, हे बघायला उसंत नसते. शिवाय पर्समध्ये निरोध सापडला तर पोलीस तोच पुरावा धरतील, म्हणून तो जवळ ठेवायचाच नाही, हे आम्ही नर्सच्या नोकरीत होतो तेव्हापासून ऐकतो आहोत. मग गर्मी, परमा, एचआयव्ही.

सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून याच बायकांनी एकमेकींना निरोध वाटले आणि १९९६ मध्ये ‘वॅम्प’ ही स्वतःची संघटना उभी केली. पुढे १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका.

बाबासाहेबांनी १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या भगिनींना हे जिणं सोडायला सांगितलं होतं. सोडायचं तर राहायला खोली लागते, रेशनकार्ड लागतं. खोली नाकारणारे बऱ्याचदा आपणच असतो.

बळजबरी झाली तर अंघोळ न करता, कपडे न धुता दवाखाना गाठा. पहिला उपचार मोफत देणं सरकारी आणि खासगी दोघांनाही बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, पुढे २८ दिवस. पोरगी अठराच्या आतली असेल तर मर्जीचा प्रश्नच नाही, थेट १०९८ लावा. मोफत वकिलासाठी १५१००, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७. आधार कार्डाला पत्त्याचा पुरावा नसेल तर राज्य एड्स नियंत्रण संस्थेचा दाखला चालतो.